सावलीत वाळवलेला पाला

सीमाचा फोन आला तेव्हा मी कांद्याचे ट्रे उलटवत होते. सीमा म्हणजे आमच्या उमाटे मॅडमची विद्यार्थिनी. आता तीच कॉलेजात शिकवते. म्हणाली, "शालूताई, मॅडम रिटायर होऊन राह्यल्या. आम्ही त्यांच्यावर एक छोटं पुस्तक काढून राह्यलो. तुम्हीबी दोन पानं लिहा."

"अवं, मी आठवी शिकलेली बाई. मी काय लिहू?"

"सात वर्षं होत्या तुम्ही त्यांच्याजवळ. चांगलं चांगलं आठवते ते लिहा."

चांगलं आठवायला मला जोर लावावा लागत नाही. इथे गुजरातेत, समुद्राजवळच्या एका गावात, कांदा-लसूण वाळवून भुकटी करायच्या कारखान्यात मी वीस बायांवर देखरेख करते, ते मॅडममुळे. माझा मुलगा इथल्या शाळेत जातो, तेही मॅडममुळेच. पण त्यांचं एक काम माझ्या हाताने बिघडलं आणि ते त्यांना आजपर्यंत माहीत नाही. पुस्तक हातात पडलं की त्या ते वाचणारच. छापलेलं दिसेल ते वाचायची त्यांना खोड आहे, गोळ्यांच्या पाकिटातला तो बारीक अक्षरांचा कागदसुद्धा. म्हणून पाच दिवस पेन धरून नुसती बसले. आता लिहिते. सीमाला कापायचं असेल तर तिने सगळंच कापावं, अर्धं ठेवू नये.

उमाटे मॅडम वर्ध्याच्या एका कॉलेजात झाडांचं रसायनशास्त्र शिकवायच्या. बुटक्या, सावळ्या, केस पांढरे झाले तरी कधी रंगवले नाहीत. सुती साडीवर पांढरा कोट आणि कोटाच्या खिशात कायम कसला तरी पाला. बोलता बोलता हात खिशात जायचा, पान निघायचं, बोटांत चुरगळायचं आणि समोरच्याच्या नाकाशी यायचं. "वास घे. सांग काय आहे." प्राचार्य असोत की पाण्याचे कॅन आणणारा माणूस, कोणाच्या नाकाला सुट्टी नव्हती. वर्गात पुस्तकातली मराठी, मध्ये मध्ये इंग्रजी. प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडला की वऱ्हाडी. एकदा एका पोरीने विचारलं, "मॅडम, इथं असं काऊन बोलता?" तर म्हणाल्या, "वर्गात मले माहीत असलेलं बोलतो. इथं माहीत नसलेलं शोधतो. मंग थे घरच्याच भाषेत शोधलेलं बरं."

"मले माहीत नाई" हे वाक्य एवढ्या शिकलेल्या बाईच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भीती वाटली होती. आमच्या शाळेत ज्याला माहीत नसायचं त्याला मार बसायचा. मॅडम ते दिवसातून दहा वेळा म्हणायच्या आणि म्हणताना त्यांचा चेहरा उजळायचा.

त्यांना स्वतःला शुगर होती. रोज साडेदहाला सगळ्यांसमोर बोट टोचायच्या, मशीनवरचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायच्या, आणि जास्त आला तर कारणही लिहायच्या. 'लग्न'. 'बहीण आली होती'. एकदा नुसतं 'जिलेबी, दोन'. मग डब्यातून गोळी काढून घ्यायच्या. आयुष्यभर शुगरच्या पाल्यावर काम केलेली बाई दुकानातली गोळी खाते हे बघून लोकांना गंमत वाटायची. त्या म्हणायच्या, "पाला मी तपासतो. गोळी तपासून झाली आहे."

त्यांचं काम असं होतं. आपल्या जिल्ह्यात गावोगाव लोक शुगरसाठी कसला ना कसला पाला खातात. गुळवेल, जांभळाच्या बिया, कडुनिंब, मेथी, गुडमारचा पाला. तो आणायचा, वाळवायचा, दळायचा, त्याचा अर्क काढायचा आणि त्यात खरंच काही ताकद आहे का ते मोजायचं. कसली ताकद, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं.

"शालू, वांगं चिरून ठेवलं की काळं पडते ना?"

"हाव."

"काऊन पडते?"

"हवा लागते म्हणून."

"आपल्या अंगातबी तसंच काहीतरी चालू राह्यते. शुगर असली की जास्त. काही झाडांत थे रोखाची ताकद असते. किती असते, तेवढं आपल्याले मोजाचं."

मोजायचं म्हणजे एक जांभळं औषध होतं, तपकिरी बाटलीतलं, उजेडाला भिणारं. ते काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात पाल्याचा अर्क टाकायचा आणि अर्धा तास बंद कपाटात अंधारात ठेवायचं. पाल्यात ताकद असली की जांभळा रंग उतरून पिवळा होतो. नसली की जांभळं ते जांभळंच. नंतर मशीन आकडा सांगायचं, पण मॅडम त्याआधी नळी खिडकीशी धरून डोळ्यांनी बघायच्या. पिवळी झालेली नळी बघून लहान पोरीसारख्या हसायच्या आणि लगेच स्वतःलाच दटावायच्या, "काचेतलं माणसात येईल असं नाई, उमाटेबाई."

हे काचेतलं आणि माणसातलं लोकांना समजावता समजावता त्यांचा अर्धा जन्म गेला. एकदा एक एसटी ड्रायव्हर आला. खाकी कपड्यातच होता, गाडी डेपोत लावून आलेला. म्हणाला, "मॅडम, लोकं म्हणते तुमच्यापाशी शुगरचं पक्कं औषध आहे. एक पुडी द्या ना."

"गोळ्या घेता?"

"सोडल्या. गरम पडते."

"कधीपासून?"

"झाले दोन मयने. तुमची पुडी भेटन या भरोशावर."

मॅडमनी कोट काढला, खुंटीला लावला आणि म्हणाल्या, "बसा माह्या गाडीवर." त्या एवढ्याशा बाईच्या स्कूटरवर मागे तो धिप्पाड माणूस, आणि दोघं निघाले सरकारी दवाखान्यात. तिथे त्याच्याबरोबर रांगेत दीड तास उभ्या राहिल्या, कारण आपण गेलो तर हा पळून जाईल असं त्यांना वाटत होतं. त्याला म्हणाल्या, "भाऊ, माह्यापाशी औषध नाई, आकडे आहे. आकडे खाऊन कोणी बरं होत नाई." महिन्याने तो संत्र्यांची पिशवी घेऊन आला. "तुमाले चालत नाई माहीत आहे. पोरीयले द्या." मॅडमनी एक संत्रं सोलून खाल्लं आणि कॅलेंडरवर लिहिलं, 'ड्रायव्हर'.

गंभीर होत्या असं मात्र नाही. प्राचार्यांच्या मुलीला नोकरी लागली तेव्हा त्यांनी सगळ्या स्टाफला पेढे वाटायचं ठरवलं. मॅडम त्याआधीच स्टाफरूममध्ये जाऊन बसल्या आणि एकेकाला गुडमारचं पान दिलं. "आधी हे चावा, मंग पेढा खा. पचायले बरं." सगळ्यांनी चावलं, प्राचार्यांनीही. गुडमार चावला की जिभेला गोड कळत नाही, अर्धा-पाऊण तास तरी. मग पेढे फिरले. एकेकाचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण प्राचार्यांचे पेढे, बोलणार कोण? शेवटी प्राचार्यच म्हणाले, "मला हा पेढा मातीसारखा का लागतो आहे?" तोवर आमच्या शिपाई गजाननभाऊंनी व्हरांड्यात जाऊन मिठाईवाल्याला फोन लावलाच होता, "काबे, साखर टाकाची राह्यली का पेढ्यात?" मॅडम टेबलावर डोकं ठेवून हसत होत्या. डोळे पुसत त्यांनी गजाननभाऊंच्या हातातून फोन घेतला आणि मिठाईवाल्याची माफी मागितली.

मी त्यांच्याकडे गेले होते झाडझूड करायला. माझं माहेर आणि सासर दोन्ही रोहण्याकडचं. नवरा नागपूरला सेंट्रिंगच्या कामावर, मी मुलाला सासूजवळ ठेवून वर्ध्याला खोली करून राहत होते. पहिल्या दिवशी मॅडमनी माझ्यासमोर दोन वाळकी पानं धरली. "एका वेलाचे आहे दोन्ही. वास घे." मी वास घेतला. म्हटलं, "हे एक उन्हात पडलेलं आहे. याचा वास उडाला." त्यांनी झाडू माझ्या हातातून काढून घेतला. "लहानपणी काय काय वाळवलं तू?" मुंगवड्या, मिरच्या, आंबाडीची भाजी, मी सांगत गेले. त्या म्हणाल्या, "माह्या एमएस्सीच्या पोरीयले हा फरक समजाले सहा मयने लागते. तू पाला वाळव."

पाला वाळवायची खोली वेगळी होती. जमिनीवर धुतलेली सुती कापडं, त्यावर पाल्याचा पातळ थर, खिडक्या उघड्या पण पडदे लावलेले, पंखा हळू. ऊन बिलकुल नको, आणि सकाळ-संध्याकाळ हलक्या हाताने उलटवायचा. दारावर एक कागद असायचा. उलटवलं की त्यावर बरोबरची खूण करायची, शेवटी सही. सही करायची वेळ माझ्यावर तोवर क्वचितच आली होती. मॅडमनी ती गिरवून घेतली, बरणीवरची झाडांची मोठी मोठी नावं वाचायला शिकवली, आणि त्यांच्या मागे मागे बोलून ती माझ्या जिभेवर बसवली. एकदा पुण्याहून कोणी सर आले होते. त्यांनी विचारलं, वाळवण्यावर देखरेख कोणाची? मॅडमनी मला पुढे केलं. "यांची. यांच्या हातचा पाला मी डोळे झाकून दळते."

त्या दिवसापासून मला एक धास्ती लागली. हे वाक्य खोटं पडू नये, एवढीच.

नथ्थूआबा वर्ध्याजवळच्या आंजी गावचे. मोठ्या आंजीला त्यांचं शेत, आणि शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोरीच्या झाडावर चढलेला गुडमारचा जुना वेल. मनगटाएवढं खोड. त्यांच्या आजापासून त्या वेलाचा पाला लोक शुगरसाठी न्यायचे. रविवारी आबा धुऱ्यावर बसायचे, येईल त्याला मूठभर पाला द्यायचे, नारळसुद्धा घ्यायचे नाहीत. पण त्यांच्या मुलाला, प्रमोदला, तो धुरा मोडायचा होता. ट्रॅक्टर वळत नाही म्हणायचा. आबांनी मॅडमना बोलावून घेतलं.

"मॅडम, तुम्ही एकडाव तपासून कागद द्या. माह्यं पोट्टं माह्यं आयकत नाई. कागदाचं आयकन."

"जसा निघन तसा कागद देईन, आबा. खराब निघाला तरी देईन."

"हाव ना. खोटा कायले पायजे मले?"

प्रमोद शेजारी उभा होता. मॅडम त्याला म्हणाल्या, "आकडा येईलोक थांबतं का? चांगला आला तर हा वेल मी उपटू देणार नाई, याची कलमं करून साऱ्या आंजीले वाटीन. नाई आला तर धुरा तुहा, तू जाण."

"तुमच्या शब्दावर थांबतो, मॅडम."

रोहणा आणि नाचणगावकडच्या वेलांचा पाला आमच्याकडे आधीच वाळून, दळून, तपासून झाला होता. दोन्हींचे आकडे चांगले होते. आंजीचा वेल त्यांच्याहून जुना आणि जोमाचा. मॅडम येताना स्कूटरवर गाणं गुणगुणत होत्या. माझ्या मांडीवर पाल्याचं पोतं होतं.

पोतंभर पाला, थर जरा जाडच पसरला. पावसाळी हवेत तो अजून ओलसर होता आणि चार दिवसांनी पोळा आला. माझ्या मुलाला त्या वर्षी लाकडाचा नवा बैल घेतला होता आणि दुसऱ्या दिवशी पोरांच्या तान्ह्या पोळ्याला तो सजवायला मी पाहिजेच होते. मॅडम म्हणाल्या, "जा ना, बाई. गजाननले सांगून जाजो, पाला उलटवाले." त्या स्वतः परीक्षेच्या कामाला अमरावतीला निघाल्या होत्या.

मी गजाननभाऊंना सांगितलं नाही. ते पाला उलटवायचे म्हणजे अंगण झाडल्यासारखा. माझा पाला बिघडवतील असं वाटलं. दोन दिवसांनी काय होतं, मी आलेच. आणि निघताना आभाळ भरून आलं होतं, तर झड आत येईल या भीतीने मी खिडक्या लावून घेतल्या. पंखा चालू ठेवला.

दोन दिवसांचे चार झाले. नवरा नागपूरहून आला होता, तीन महिन्यांनी. मुलगा पायाला धरून बसला होता. मध्ये पाऊस पडला, वर्ध्याला लाइट गेली होती ते मला नंतर कळलं.

परत आले, खोलीचं दार उघडलं आणि ओलं कुटार, गुरांचा भुसा, सडल्यासारखा वास आला. वरचा थर बरा दिसत होता. हात घातला तर खालचा पाला गरम, चिकट आणि काळा. चिरून ठेवलेल्या वांग्यासारखा काळा. मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. काळं पडणं म्हणजे काय, ते त्यांनीच मला शिकवलं होतं.

मॅडम यायला अजून एक दिवस होता. आंजी काही लांब नाही. आबांना फोन केला असता तर त्यांनी संध्याकाळपर्यंत दुसरं पोतं पाठवलं असतं. वेल उभा होता. मॅडमना खरं सांगितलं असतं तर त्या रागावल्या असत्या, फार तर एक दिवस बोलल्या नसत्या. मला हे तेव्हाही माहीत होतं. पण 'डोळे झाकून' हे शब्द माझ्या डोक्यात असे बसले होते की ते उतरवायची हिंमत झाली नाही.

मी काळा पाला वेचून फेकला. उरलेला गच्चीवर नेला आणि दुपारभर कडक उन्हात टाकला. कुरकुरीत झाला. मग खाली येऊन दारावरच्या कागदावर चार दिवसांच्या आठ खुणा केल्या. काही निळ्या पेनाने, काही काळ्या, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी केल्यासारख्या दिसाव्यात. एवढी अक्कल मला त्या दिवशी सुचली.

आंजीची नळी कपाटातून निघाली ती जांभळीच. मॅडमना वाटलं औषध जुनं झालं असेल. नवं केलं. जांभळीच. तिसऱ्यांदा केलं, शेजारी नाचणगावची नळी ठेवून. ती पिवळी झाली, आंजीची नाही.

मॅडम माझ्याजवळ आल्या. "शालू, हा पाला नीट वाळला होता ना?"

"हाव, मॅडम."

"कागद पाह्यला मी. तुह्या खुणा आहे सगळ्या." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शंका नाई घेत तुह्यावर. पण इचारा लागते, बाई. राग नोको मानू."

राग मानू नको असं त्या मला म्हणाल्या.

त्यांनी त्याच दिवशी आबांना फोन लावला, कारण आकडा आला की लगेच सांगेन असा शब्द दिला होता. फोन प्रमोदने उचलला. मॅडम म्हणाल्या, "आकडा नाई आला. पण माह्यं मन मानत नाई. परवा येतो, अजून एक पोतं पाला नेतो, परत करू." प्रमोद काय बोलला मला ऐकू आलं नाही. मॅडमनी दोनदा म्हटलं, "हाव, शब्द माहाच होता. पण दोन दिवस."

दोन दिवसांनी आम्ही रिकामं पोतं घेऊन गेलो. धुरा नव्हता. आदल्या दिवशी गावात दुसऱ्या कोणाच्या कामाला जेसीबी आला होता, प्रमोदने तो परत जायच्या आधी वळवून घेतला. बोरीचं झाड आडवं पडलेलं, वेल त्याच्या फांद्यांत गुंतून उन्हात कोमेजलेला, मातीने माखलेला. प्रमोद घराबाहेरच आला नाही. नथ्थूआबा मातीच्या ढिगाऱ्यावर बसले होते.

मॅडम त्यांच्या शेजारी जाऊन मातीतच बसल्या.

आबा म्हणाले, "म्हणजे इतकी वर्सं मी लोकायले कचरा चारला काय, मॅडम?"

"असं मी म्हटलं नाई, आबा. माह्या काचेत नाई आलं, येवढंच मले माहीत आहे."

"काच खोटी बोलन काय?"

मॅडम तेव्हा 'मले माहीत नाई' म्हणाल्या नाहीत. मी पोत्याची घडी घालत उभी होते. घडी घालायची, उलगडायची, परत घालायची.

त्या उठल्या, कोमेजलेल्या वेलाच्या सात कांड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या आणि कॉलेजात कुंड्यांमध्ये लावल्या. महिनाभर रोज सकाळी बोट टोचायच्या आधी कुंड्या बघायच्या. एकही फुटली नाही. सीमा म्हणते, आबा आहेत अजून, ऐकायला कमी येतं. रविवारी कोणाला काही देत नाहीत.

मॅडम, तुम्ही हे वाचत असाल तर इथे थांबून ऐका. आंजीच्या बरणीवरचा तो आकडा त्या वेलाचा नाही. तो माझ्या चार दिवसांचा आहे. नथ्थूआबांना कोणीतरी जवळ बसून, मोठ्याने सांगा. वेलात काय होतं ते आता कोणालाच कळणार नाही, पण काच खोटी बोलली नाही आणि आबाही खोटे नव्हते. खोटी मी होते.

हे मी तेव्हाच सांगणार होते. दिवाळीनंतर नवऱ्याला इकडे गुजरातेत ड्रायव्हरची नोकरी लागली आणि आम्ही वर्धा सोडायचं ठरवलं. निघायच्या दिवशी दुपारी मी एकटी कॉलेजात गेले. गाडी संध्याकाळची होती. ठरवून गेले होते की आज सांगायचं.

मॅडम एकट्याच होत्या. बरणीत उरलेल्या आंजीच्या भुकटीचा अर्क काढून त्यांनी परत नळ्या लावल्या होत्या. कितव्या वेळी, ते त्यांनाच माहीत. मला बघून म्हणाल्या, "बस. आत्ताच कपाटात ठेवल्या. अर्धा तास."

मी बसले. त्या टेबलाशी काहीतरी लिहीत होत्या. घड्याळाचा काटा सरकत होता. पंधरा मिनिटं गेली असतील.

"मॅडम, मले एक सांगाचं होतं."

"सांग ना. थांब, आधी हे वाच. अक्षर लागते का पाह्य."

त्यांनी कागद माझ्यासमोर सरकवला. मी कुठे नोकरी मागायला गेले तर दाखवायला म्हणून लिहिलेला. वर इंग्रजीत, खाली मला समजावं म्हणून मराठीत. पुढे तोच कागद बघून इथल्या साहेबांनी मला घेतलं. त्यात लिहिलं होतं, 'यांनी वाळवलेल्या पाल्यावर मी सात वर्षे काम केले. यांच्या नोंदींवर मला कधीही शंका घ्यावी लागली नाही.'

मी वाचलं. परत वाचलं.

"लागते अक्षर?"

"हाव."

"काय सांगत होती तू?"

"काही नाई. पोहोचलो की फोन करीन म्हटलं."

अर्धा तास झाला. त्यांनी कपाट उघडलं, नळी काढली, खिडकीशी धरली. उतरत्या उन्हात तो रंग इतका गडद दिसत होता. मग त्यांनी वहीत आकडा लिहिला, नळ्या धुतल्या, आणि बरणीत तळाला उरलेली चिमूटभर भुकटी फेकायच्या ऐवजी झाकण घट्ट लावलं. त्यावर कागदाची पट्टी चिकटवून लिहिलं, 'पुन्हा करणे'.

मी पाया पडले. कागद पिशवीत ठेवला. दारापर्यंत गेले तर मागून आवाज आला, "शालू, जराशी ये. स्टूल धर."

त्या स्टुलावर चढल्या होत्या, बरणी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायला. हात पुरत नव्हता. टाचा उंचावल्या, तसं स्टूल डुगडुगलं. मी खाली बसून दोन्ही हातांनी त्याचे पाय पकडले. माझ्या तोंडासमोर त्यांची भेगाळलेली पावलं होती. वर बरणी फळीवर सरकल्याचा आवाज आला.

"धरलं ना नीट?" त्यांनी वरूनच विचारलं.

"हाव, मॅडम."